मास्तर, बोर्ड लावला

मास्तर, तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावर चिडू नये, असं आई रोज सांगतेय. पण तुम्ही जाऊन तेराच दिवस झालेत, आणि माझा राग काही तेरावं घालून संपणारा नाही.

परवा तुमची शोकसभा झाली. समाजमंदिरात खुर्च्या कमी पडल्या. एका पुढाऱ्याने माइक धरून तुम्ही कोरियातून कसे आलात, किती मुलं घडवलीत, हे सगळं चुकीच्या क्रमाने सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. 'मास्तरांची पहिली विद्यार्थिनी, रेखाताई.' मी उठले, माइक हातात घेतला आणि तसाच परत दिला. लोकांना वाटलं, मला भरून आलं. कसलं भरून येतंय! मला भांडायचं होतं, आणि भांडायला तुम्ही हवे होतात.

तुम्ही आमच्या मळ्यात राहायला आलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. सातपूरच्या कुठल्याशा कारखान्यात तुमच्याकडची मशिनं बसवायची होती, त्या कामावर तुम्ही आलेले. कंपनीने शहरात दिलेला फ्लॅट सोडून तुम्ही मखमलाबादला आमच्या विहिरीशेजारच्या दोन खोल्या घेतल्यात. का, तर सकाळी मोकळी जागा हवी. पहिल्याच दिवशी आईने तुम्हाला झेंडूच्या वाफ्यांमधल्या वाटेवर एकट्याने हवेत लाथा मारताना बघितलं आणि ती हातातली पाटी टाकून घरात पळत आली. "अहो, त्या पाव्हण्याला काय व्हतंय बघा!" अण्णा बघायला गेले ते अर्धा तास आलेच नाहीत. आले आणि म्हणाले, "लय भारी माणूस हाय. पाय पार कानाला लावतो."

मशिनं बसली. तुमच्याबरोबरचे तिघे परत गेले. तुम्ही राहिलात. का राहिलात? मी निदान पन्नास वेळा विचारलं असेल. तुम्ही म्हणायचात, "इथे द्राक्षं गोड." हे काय उत्तर झालं, मास्तर? द्राक्षं गोड म्हणून कुणी देश सोडतं का? व्हिसाच्या कागदांसाठी दर वर्षी खेटे घालायचात, घामाघूम होऊन यायचात, आणि वर पुन्हा तेच, द्राक्षं गोड. तुमच्या पोटातलं ओठावर कधी आलंच नाही. ही तुमची खोड तेव्हा गमतीची वाटायची. पुढे तिनेच आमच्या घराचा जीव काढला.

अण्णांनी तुम्हाला फुलांचं शेड दिलं. दुपारी फुलांच्या गाड्या पंचवटीला गेल्या की शेड रिकामं. मग तुम्ही कोबा झाडायचात, स्वतः, आणि आम्ही पाच-सहा पोरी नि चार पोरं तायक्वांदो शिकायला ओळीत उभी राहायचो. दारात थांबून कमरेत वाकायचं, मगच आत पाऊल टाकायचं. दिंडोरीहून येणाऱ्या द्राक्षाच्या पेट्यांच्या फळ्या तुम्ही साठवून ठेवायचात, आम्हाला तोडायला. पहिली फळी माझ्या लाथेने तुटली तेव्हा अण्णा तो तुकडा घेऊन गल्लीभर फिरले होते, आठवतंय? दसऱ्याच्या आठवड्यात शेडमध्ये झेंडूचा ढीग लागायचा, म्हणून क्लास बाहेर मातीत. आमचे पांढरे ड्रेस गुडघ्यांवर पिवळे झालेले, ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. आणि तुमची ती मोजणी! हाना, दूल, सेत, नेत. शेडमागे बसून जुड्या बांधता बांधता आईच्या तोंडात ती इतकी बसली की बाजारात गिऱ्हाईकासमोर ती कोरियन भाषेत जुड्या मोजायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, मंत्र म्हणताय का?

तुम्ही आणि अण्णा तर जोडीच होतात. दिवस मावळायच्या आधी विहिरीच्या कठड्यावर दोघं चहा घेऊन बसायचात. अण्णा आपल्या भाषेत बोलायचे, तुम्ही तुमच्या. कुणाला काय कळायचं कोण जाणे, पण हसायचात मात्र एकदम. गुलाबाला डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, अण्णांनी तुम्हाला शिकवलं. सख्ख्या भावाला त्यांनी आपला चाकू कधी हातात दिला नाही, तुम्हाला दिला. म्हणून तर मी म्हणते, मास्तर, दुसऱ्या कुणाशी तुम्ही तसं वागला असतात तर मी सोडून दिलं असतं.

अण्णांचा हात फार चांगला होता. आसपासच्या दहा गावांत ट्रॉल्यांवर मालकांची नावं अण्णांनी लिहिलेली. चौथ्या दसऱ्याच्या आधी त्यांनी मनावर घेतलं की मास्तरांच्या क्लासला बोर्ड पाहिजे. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं मला बजावलं. त्याच पावसाळ्यात माझ्या जुन्या अंकलिपीवरून मी तुम्हाला देवनागरी शिकवत होते, आणि तुम्हाला पहिल्यांदा लिहिता आलं ते तुमचं स्वतःचं नाव. ते मी अण्णांना सांगितलं. अण्णा खूश. म्हणाले, "म्हंजी बोर्ड त्यांना वाचता येईल!" आठ दिवस गोठ्यात बसून त्यांनी पांढऱ्या पत्र्यावर लिहिलं. 'सोन मास्तर' एवढं मोठं, हातभर अक्षरात, आणि खाली 'तायक्वांदो क्लास, मखमलाबाद'. रंग कुठला? लाल. शुभ काम, दसऱ्याचा दिवस, गुरूचं नाव. दुसरा कुठला रंग अण्णांच्या डोक्यात येणार होता?

दसऱ्याला शेडच्या दारावर बोर्ड चढवला. वर साडी टाकली, झेंडूचं तोरण बांधलं. मुलांचे आईबाप आले, चाळीसेक माणसं असतील. आईने पेढे आणले. तुम्ही आलात, अण्णांनी साडी ओढली आणि टाळ्या पडल्या.

तुम्ही वाचलंत. मला अजून दिसतं, तुमचे ओठ हलत होते. स ला मात्रा, काना. सो. मग न. आणि तुमचा चेहरा पांढरा फटक पडला. तुम्ही पुढे झालात, टाच उंचावून तो बोर्ड खिळ्यावरून काढलात, आणि अक्षरं भिंतीकडे करून ठेवून दिलात. अण्णांसमोर खोल वाकलात. म्हणालात, "नाही. हे नाही." बस्स. तीन शब्द. आणि खोलीकडे निघून गेलात.

चाळीस माणसं, मास्तर. पेढ्याचं ताट आईच्या हातात तसंच. कुणीतरी मागून म्हणालं, "आपली भाषा नको असंल त्याला." अण्णा पुढे झाले. तोरण सोडलं, गुंडाळलं आणि बैलांच्या गळ्यात घालायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बोर्ड तिथे नव्हता. मला वाटलं, अण्णांनी भंगारात दिला. अण्णांना वाटलं, तुम्ही फेकून दिला.

त्या दिवसापासून अण्णा तुमच्याशी बोलले नाहीत. शेड मात्र काढून घेतलं नाही. काका म्हणाले, हाकल त्याला, तर अण्णांनी त्यांनाच झापलं. "शेड दिलंय म्हंजी दिलंय. बोलणं येगळं, शेड येगळं." आणि मग मी झाले तुमची पोस्टमन. "रेखा, अण्णांना सांग, पत्रा गळतो." "तुझ्या मास्तराला सांग, दिसतंय मला." "अण्णांना सांग, विहिरीची मोटर आवाज करते." "सांग त्याला, कान हायेत मला." दोघं दहा हातांवर उभे, आणि मी मध्ये. अरे, काय वेड्यांचा बाजार होता हा! एकदा मी वैतागून म्हणाले, मी नाही जा सांगणार, तुमचं तुम्ही बघा. तर दोघं माझ्यावरच रागावले.

मी विचारलं नाही असं नाही. बोर्डात काय चुकलं, मास्तर? अक्षर वाईट होतं? भाषा नको होती? तुम्ही म्हणायचात, "किक. अजून पन्नास." पुन्हा विचारलं की शंभर. माझ्या किका एवढ्या चांगल्या झाल्या त्या तुमच्या शिकवण्याने नव्हे, त्या प्रश्नाने.

ब्लॅक बेल्टच्या पहिल्या परीक्षेत तुम्ही मला नापास केलंत. कारण काय दिलंत? "डोळे दाराकडे." हो, होते माझे डोळे दाराकडे! सगळ्यांचे वडील आले होते, माझे आले नव्हते, आणि ते कुणामुळे आले नव्हते हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही निर्विकार तोंडाने वहीत काट मारलीत. घरी येऊन मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, सोड तो क्लास. अण्णा म्हणाले, "सोडायचा नाय. शिकवतो चांगलं." म्हणजे हेही तुमच्याच बाजूने!

पुढच्या वर्षी पास झाले. शेडमागे चपला झटकायला गेले तर तिथल्या चिखलात अण्णांच्या बुटांचे ठसे. मागच्या पत्र्याला डोळ्याएवढं भोक होतं, त्याच्या समोरच. तेव्हा मला आठवलं, त्याच पावसाळ्यात अण्णांनी निरोप दिला होता की मागचा पत्रा बदलून टाकतो, आणि तुम्ही उलट निरोप दिला होता, "बाकी सगळे बदला. तो राहू द्या." तुम्ही परीक्षा घेताना नेमके त्या भोकाकडे तोंड करून बसायचात. तुम्हाला माहीत होतं. दर वर्षी अण्णा तिथे उभे राहतात, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही उठून मागे जाऊन 'आत या' एवढं म्हणाला नाहीत. मला त्या दिवशी बेल्टचा आनंद झाला की तुम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली, ते नक्की सांगता येणार नाही.

माझ्या लग्नात तुम्ही पंगतीत शेवटच्या पानावर बसलात. अण्णा जिलबी वाढत आले. मी बोहल्यावरून मान वाकडी करून बघत होते, सासूबाईंना वाटलं नवरी कुणाला शोधतेय. अण्णांनी तुमच्या पानात जिलबी वाढली, पुढे गेले, परत आले आणि पुन्हा वाढली. तुम्ही दोन्ही खाल्ल्यात. द्राक्षं सोडून गोड काही तुम्हाला आवडायचं नाही, हे मला माहीत आहे. 

आभार मानायचे नाहीत असं ठरवून बसलेय, तरी एवढं लिहिते. तुमच्या हाताखालच्या दोन पोरी आज पोलिसात आहेत. एक नांदगावला असते, तिने तुमच्या जाण्याची बातमी ऐकून फोनवर नुसतं 'हाना, दूल' म्हटलं आणि फोन ठेवला. तोवर मीही तुमच्या हाताखाली पोरींना शिकवायला लागले होते; मला सातवा महिना असताना नवऱ्याने क्लास बंद करायला सांगितलं, तेव्हा तुम्ही त्याच्यासमोर खुर्ची मांडलीत, मला तीत बसवलंत आणि म्हणालात, "रेखा बसून शिकवेल." मी बसून शिकवलं. माझ्यासाठी बोलायला तुम्हाला तोंड होतं. ते स्वतःसाठी एकदा उघडलं असतं तर!

आणि मग हॉस्पिटल. तुमच्या डब्यावर नाव लावायचं होतं, माझं पेन संपलेलं. नर्सने तिच्या खिशातलं दिलं, मी चिठ्ठीवर लिहायला लागले. तुम्ही पडल्या पडल्या हात लांब केलात आणि पेन माझ्या बोटांतून काढून घेतलंत. म्हणालात, "अजून नाही." मला कळेना. तुम्ही त्या पेनाकडे बघून हसलात. लाल होतं. मग थांबत थांबत सांगितलंत. "आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल लिहीत नाहीत. लाल लिहिलं, म्हणजे तो माणूस गेला."

मला आधी हसू आलं. मग समोर दसरा उभा राहिला, ते हातभर लाल नाव, आईच्या हातातलं ताट. अकरा वर्षं, मास्तर! मी डबा टेबलावर आपटला, शेजारचा पेशंट दचकला. "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

तुम्ही म्हणालात, "अण्णांनी आठ दिवस बसून लिहिलं. मी सांगितलं, तुम्ही माझं मरण लिहिलं, तर? पुढे मला नुसता ताप आला असता तरी ते घाबरले असते. रागावलेला माणूस जेवतो. घाबरलेला जेवत नाही."

हा तुमचा हिशेब. कुणाला न विचारता, एकट्याने मांडलेला. माझ्या बापाने घाबरावं की रागवावं हे ठरवणारे तुम्ही कोण? त्यांनी तुम्हाला कृतघ्न समजावं, आयुष्यभर समजावं, हे तुम्हाला चाललं. पण त्यांना काय काय सोसावं लागलं, ते तुम्ही मोजलंत का? विहिरीच्या कठड्यावर ते त्यानंतर कधी बसले नाहीत. चहा उभ्यानेच प्यायचे.

मी म्हणाले, रिक्षा करून आत्ता त्यांना घेऊन येते. तुम्ही माझं मनगट धरलंत. त्या आजारपणातही काय पकड होती! "नको. आता तर मुळीच नको. मी खरंच आजारी आहे. त्यांना वाटेल, बोर्डाने केलं." मग कधी सांगू? "नंतर." आणि मी मान डोलावली. मास्तरांनी सांगितलं की करायचं, ही सवय तुम्हीच लावलीत, बाराव्या वर्षापासून. तुमच्यावरच्या रागातला अर्धा माझ्या स्वतःवरचा आहे, हे मला कळतं. कारण तुम्हाला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. तुमच्या डब्यातला रोजचा पातळ भात अण्णा स्वतः ढवळून द्यायचे आणि संध्याकाळी विचारायचे, "संपवला का?" शेवटून दुसऱ्या दिवशी तर ते माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तू जा. मी हितंच बसतो." कडुलिंबाच्या पारावर दोन तास बसून होते. मी वर तुमच्या उशाशी, ते खाली, मध्ये फक्त दोन जिने. एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोलले.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तुमची खोली आवरायला घेतली. अण्णाही आले, न बोलावता. लोखंडी कपाट सरकवलं तर मागे बोर्ड. अक्षरं भिंतीकडे, धुतलेल्या चादरीत बांधलेला. अकरा पावसाळे गेले पण पत्र्याला गंजाचा ठिपका नाही. कडांना हात लावला तर बोट तेलकट झालं. कपाटाखाली तेलाची बाटली आणि फडकं. तुम्ही तो पुसत होतात. तुमचं मरण लिहिलेला बोर्ड तुम्ही वर्षानुवर्षं तेल लावून जपत होतात.

मी तिथेच अण्णांना सगळं सांगितलं. ते खाली बसले. बोर्ड मांडीवर आडवा. बराच वेळ त्या मोठ्या 'सो'वरून बोट फिरवत होते. मला भीती होती की ते आता स्वतःला दोष देतील. तसं काही झालं नाही. ते चिडले. माझ्यासारखेच चिडले.

"एवढंच? अगं, एवढंच व्हतं? मग निळ्यात लिहिलं असतं की! निळा डबा तिथंच व्हता, बाजूला!"

मग ते रडले. मी अण्णांना आजी गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

काल सकाळी त्यांनी बोर्ड अंगणात मांडला, चष्मा लावला आणि मला निळा रंग आणायला पाठवलं. मी म्हटलं, "अण्णा, आता लाल चालतो. त्यांच्या रीतीप्रमाणे आता तेच बरोबर आहे. आहे तसा लावू." अण्णांनी वर बघितलं. "चालत असंल त्यांच्यात. मी नाय मास्तरला तसा लिहिणार." आता त्यांचा हात कापतो. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते एकेक अक्षर गिरवत होते, लालावर निळं. मी रंगाचा डबा धरून बसले होते. दोन ओळींना दुपार झाली.

संध्याकाळी क्लासच्या आधी शेडच्या दारावर बोर्ड चढवला. साडी नाही, तोरण नाही, पेढे नाहीत. पोरी नेहमीसारख्या दारात वाकून आत गेल्या. अण्णा शेडमागे गेले नाहीत. समोर, दारातच उभे राहिले, मान वर करून, आणि तुमच्याशी बोलले. अकरा वर्षांनी बोलले, आणि बोलले ते तरी काय!

"मास्तर, न च्या कडंला लाल दिसतंय थोडं. उद्या दुसरा हात देतो."